पाळण्यातला राजपुत्र

शनिवारी सकाळी दत्तप्रसाद चहात बिस्कीट बुडवत होता, तेवढ्यात बेल वाजली. तो उठेपर्यंत ती आणखी दोनदा वाजली. बिस्कीट चहातच राहिलं. दार उघडलं तर बाहेर दोन म्हाताऱ्या उभ्या. खालून एकाच लिफ्टने आलेल्या, पण तोंडं दोन दिशांना.

एक होत्या दुसऱ्या मजल्यावरच्या सत्यभामाअम्मा, दत्तप्रसादच्या ऑफिसातले मॅनेजर अंबादास बोद्दूल यांच्या मातोश्री. घरची भाषा तेलुगू, माहेर मद्रासचं, पण लग्न होऊन सोलापुरात पन्नास वर्षं काढल्यामुळे मराठी अस्सल सोलापुरी. दुसऱ्या होत्या चौथ्या मजल्यावरच्या हेमापाटी. त्या तमिळ, पाटी म्हणजे आजी. माहेर त्यांचंही मद्रासचंच, पण संसार माटुंग्याचा, त्यामुळे मराठी फर्डी. त्यांची मुलगी दर्शना दत्तप्रसादच्या बायकोला, प्रमिलाला, रोज आपल्या गाडीतून क्लिनिकला सोडत असे. दुबईत, अल कुसैसच्या त्या बिल्डिंगमध्ये या दोघींना मनसोक्त भांडता येईल अशी एकच भाषा होती, आणि ती तिसऱ्या मजल्यावर दत्तप्रसादच्या घरी बोलली जायची.

"दत्तप्रसाद, तुम्हीच सांगा की ओ," अम्मांनी बसायच्या आधीच सुरुवात केली. "ह्या बाई म्हनत्यात, त्या पाळण्यातलं बाळ म्हंजे ह्या."

"कुठला पाळणा?"

"सिनेमातला!" हेमापाटी म्हणाल्या. "तो जुना तलवारबाजीचा सिनेमा रे. म्हातारा राजा, कपटी सेनापती, राजपुत्राला पाळण्यातून पळवतात आणि मग तो हिरो येतो, काळा रुमाल बांधून. तेलुगूतही आला, तमिळमध्येही आला. त्यातला छोटा राजपुत्र मी आहे. माझे अप्पा त्या स्टुडिओत लाइटमन होते. सहा महिन्यांची होते मी."

"मी पाच महिन्यांची होते," अम्मा म्हणाल्या. "आन् आमचे नान्ना, म्हंजे वडील, तिथंच मेकअपला होते. माझ्या गालाला पावडर त्यांनीच लावली. राजपुत्र मी हाय."

सत्तर वर्षं दोघींनी आपापल्या गावात हे राजपद बिनविरोध भोगलं होतं. शुक्रवारी लॉबीत लिफ्टची वाट बघताना बोलता बोलता विषय निघाला आणि एका सिंहासनाला दोन वारस निघाले.

दत्तप्रसादला एक खोड होती. भांडण दिसलं की ते मिटवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्याने मोबाईलवर शोधाशोध केली आणि पाच मिनिटांत टाळी वाजवली. "सोपं आहे! एकाच सेटवर, एकच हिरो घेऊन दोन सिनेमे काढलेत. सकाळी तेलुगू, दुपारी तमिळ. म्हणजे तेलुगूतलं बाळ अम्मा, तमिळमधलं पाटी. खलास!"

"अर्धं राज्य मला नक्को," अम्मा म्हणाल्या.

"दोन्हीत मीच आहे," पाटी म्हणाल्या.

सोमवारपर्यंत प्रकरण बिल्डिंगभर झालं. दुसऱ्या मजल्यावरून चौथ्यावर जाणारी पोडीची, म्हणजे चटणीपुडीची, बरणी बंद झाली. चौथ्यावरून दुसऱ्यावर येणारं इडलीचं पीठ थांबलं. ऑफिसात बोद्दूलसाहेबांनी दत्तप्रसादच्या रजेच्या अर्जावर पेन टेकवलं आणि परत उचललं. "दत्ता, अम्मा दोन दिवस नीट जेवली नाही. तू म्हणे तिला अर्धंच बाळ म्हणालास?"

"सर, मी फक्त कॉम्प्रोमाइज..."

"फॅमिली मॅटरमध्ये कसलं कॉम्प्रोमाइज? प्रूफ आण, प्रूफ."

संध्याकाळी प्रमिला बसने घरी आली. चेहरा घामाने थबथबलेला. "दर्शना म्हणाली, आजपासून तिला दुसऱ्या रूटने जावं लागेल. सव्वीस वर्षं ती दुबईत राहतेय, तिला दुसरा रूट आजच सापडला! तुम्हाला कोणी सांगितलं होतं मध्ये पडायला?"

आता सिनेमा मिळवण्याला पर्याय नव्हता. इंटरनेटवर नुसती गाणी होती. शेवटी कुणीतरी सांगितलं, खोर फक्कानच्या बंदरावर नेल्लूरचे एक क्रेन ऑपरेटर आहेत, त्यांच्याकडे जुन्या सिनेमांचा खजिना आहे. दत्तप्रसाद बुधवारी हाफ डे टाकून डोंगर ओलांडून तिकडे गेला. त्या भल्या माणसाने पेनड्राइव्ह दिला, वर चहा पाजला आणि जाता जाता सांगितलं,

"तेलुगू हो या तमिल, पालनेवाला सीन और फायटिंग एकही बार शूट किया, भाईसाब. दोनों में सेम डाला. बच्चा एकही है."

म्हणजे दोघींतली एक खोटी ठरणार होती. अम्मा खोट्या ठरल्या तर रजा गेली. पाटी खोट्या ठरल्या तर प्रमिला बसमध्ये. परतीच्या वाटेवर दत्तप्रसादने पेनड्राइव्ह समुद्रात पडला असं सांगायचंही ठरवून पाहिलं. पण खालीच लॉबीत दोघी त्याची वाट बघत बसल्या होत्या. त्यांनी पेनड्राइव्ह पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं आणि त्यावर दोघींनी सह्या केल्या. "आधी कुनी बघायचं न्हाई," अम्मांनी बजावलं.

शनिवारी चार वाजता बिल्डिंगच्या पार्टी हॉलमध्ये साठ माणसं जमली. डावीकडे दुसरा मजला, उजवीकडे चौथा. पहिल्या मजल्यावरचा वसईचा व्हिन्सेंट दुबई मरीनातल्या एका हॉटेलात बँक्वेट सांभाळायचा, त्याने प्रोजेक्टर आणि पडदा आणला होता. सगळ्यांसमोर पाकीट फोडलं. सिनेमा सुरू झाला, आणि पडद्यावर तेलुगू अक्षरं दिसताच चौथा मजला उठून उभा राहिला.

"हे चीटिंग आहे!" दर्शना म्हणाली. "तमिळ कुठेय?"

"जे मिळालं ते आणलं," दत्तप्रसाद काकुळतीने म्हणाला. "सीन तोच आहे हो!"

"मग आवाज बंद करा."

आवाज बंद झाला. आता दुसरा मजला ओरडू लागला. मुक्या सिनेमात राजाला कोण विष देतंय आणि सेनापती कोणाच्या कानात कुजबुजतोय, काही कळेना. तेव्हा व्हिन्सेंटने माइक उचलला. "यल्ला, चला, बसा सगळे! मी कॉमेंट्री करतो. लेडीज अँड जंटलमेन, हा दाढीवाला सेनापती आहे, ह्याच्यावर बिलकूल विश्वास ठेवू नका. आता हा राणीला नमस्कार करतोय, पण मनात दुसरंच आहे ह्याच्या."

हॉल हळूहळू रंगला. गुप्त दरवाजे उघडले, अंगठ्यांतून विष निघालं, काळ्या रुमालवाला हिरो झुंबराला लटकून आला. दोन्ही मजले एकदमच शिट्ट्या मारू लागले. आणि मग पाळणा आला.  अम्मा सोफ्याच्या कडेला सरकल्या. पाटींनी चष्मा पुसला. कॅमेरा पाळण्याजवळ गेला, आणखी जवळ गेला आणि जरीच्या पडद्यापाशी थांबला. बाळ काही दिसेना.

"बेबी आत झोपलाय," व्हिन्सेंट म्हणाला. "डिस्टर्ब नको करूया."

सेनापतीच्या माणसाने बाळाचं गाठोडं उचललं. हिरो आला. एका हातात तलवार, दुसऱ्या हातात गाठोडं. तो आठ जणांशी लढला, जिन्याच्या कठड्यावरून घसरला आणि अडचणीत सापडताच त्याने गाठोडं अख्ख्या दरबारावरून पलीकडच्या मित्राकडे भिरकावलं. हवेत दुपटं सुटलं. राजपुत्राचे दोन्ही पाय काठीसारखे ताठ होते. मित्राने त्याला एका पायाला धरून झेललं, तेव्हा मान गर्रकन फिरून पाठीमागे गेली.

व्हिन्सेंटने माइक खाली ठेवला. त्याने सिनेमा तिथेच थांबवला. पडद्यावर लाकडी बाहुला रंगवलेल्या डोळ्यांनी साठ माणसांकडे बघत होता.

"बाबा," दत्तप्रसादची लेक ओवी पहिल्या रांगेतून खणखणीत आवाजात म्हणाली, "दॅट्स अ डॉल."

 बोद्दूलसाहेब बुटांकडे बघू लागले. दर्शनाने उगाच फोन काढला. दत्तप्रसादला मात्र त्या दोघींशिवाय काही दिसेना. हेमापाटींची पाठ एकदम वाकल्यासारखी वाटली. रजा, गाडी, सगळं त्याच्या डोक्यातून गेलं. सत्तर वर्षं या बायकांनी बापाचा शब्द उशाशी घेऊन काढली होती, आणि त्याने प्रोजेक्टर लावून तो साठ माणसांत खोटा पाडला होता.

"अहो, हा डुप्लिकेट असेल," तो घाईघाईने म्हणाला. "स्टंटसाठी! खरं बाळ कोण फेकेल असं? खरं बाळ पाळण्यात होतं, पडद्याआड..."

"गप्प बसा ओ," अम्मा म्हणाल्या. त्या उठल्या, पडद्याजवळ गेल्या, बाहुल्याकडे निरखून बघू लागल्या. त्यांचे खांदे हलू लागले. प्रमिला पाण्याचा ग्लास घेऊन धावली, तर अम्मा हसत होत्या.

"अगं बया! माझा नान्ना असला लबाड!" त्यांनी डोळे पुसले. "पोरगी सिनेमातली म्हनून सासऱ्यानं मला न बघता पसंत केली की!"

"माझी त्याच कारणाने दोन स्थळं गेली," हेमापाटी म्हणाल्या. "सिनेमातली मुलगी नको म्हणाले. आणि अप्पांनी हूं की चूं केलं नाही! एवढं सांगायचं ना, बाहुला होता म्हणून!"

"कसा सांगंल? कुठल्या तोंडानं?"

दोघींना हसू आवरेना. हसता हसता अम्मा उजवीकडच्या सोफ्यावर, पाटींच्या शेजारी, धप्पकन बसल्या. मग दोघींनी मिळून व्हिन्सेंटला फर्मावलं की सिनेमा पहिल्यापासून लाव, आवाजासकट. पाटी म्हणाल्या, "तेलुगू मला कळतं. भांडताना कळत नव्हतं."

सिनेमा संपला तेव्हा सव्वासात झाले होते. लोक खुर्च्या उचलत होते. बोद्दूलसाहेब दत्तप्रसादला कोपऱ्यात घेऊन हळू आवाजात म्हणाले, "प्रूफ आण म्हणालो, म्हणजे असलं आणायचं का रे?" तेवढ्यात अम्मांचा फोन वाजला. सोलापुरातच दिलेली धाकटी बहीण, व्हिडिओवर. मागे नातवंडं दाटीवाटीने उभी.

"काय गं, दिसलं का बाळ?"

 अम्मांनी पदर सावरला. "दिसलं की! मीच हाय. विश्वास नसंल तर हितं साक्षीदार हायत. घ्या ओ हेमाताई."

हेमापाटींनी फोन घेतला आणि डोळ्याची पापणीही न लववता सांगितलं, "हो हो, मी स्वतः बघितलं. नाक अगदी हेच. आता तुम्ही फोन ठेवा, मला चेन्नईला भावाला फोन लावायचाय, तिकडे सत्यभामाअम्मा सांगणार आहेत." मग काही आठवल्यासारखं त्या वळल्या. "थांबा, हे दत्तप्रसाद. ह्यांनीच सिनेमा आणला. बोल रे, बहिणीला सांग."

फोन दत्तप्रसादच्या तोंडासमोर आला. पडद्यावर सोलापूरची सात-आठ उत्सुक तोंडं होती. बाजूला बोद्दूलसाहेब, दर्शना आणि प्रमिला त्याच्याकडे बघत उभे होते.

दत्तप्रसाद घसा खाकरून म्हणाला, "सेम टू सेम हो, मावशी. आणि काय अॅक्टिंग! एवढी फेकाफेकी झाली, पण बाळ एकदासुद्धा रडलं नाही."