दुधासारखं पातळ

ज्ञानेशरावांनी विमान रंगवायचं ठरवलं, यात तसं वावगं काही नव्हतं. उभी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात गेली होती. (स्टोअरमध्ये, नटबोल्ट मोजून देण्यात. पण लग्नकार्यात एवढं खोदून कोण विचारतो?) ते निवृत्त झाले आणि पाठोपाठ पत्नी उज्वलाताई लेकीच्या, मनालीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्या. बाळाचं बारसं झालं, उष्टावण झालं, तरी आजीचा पाय तिथून निघेना. नाशिकच्या फ्लॅटमध्ये उरले ज्ञानेशराव आणि फ्रीजची घरघर. मग त्यांनी प्लास्टिकच्या विमानाचा किट मागवला आणि रंग उडवायला पेनाएवढा एअरब्रश.

विमान जोडून झालं. गाडी अडली ती पांढऱ्या रंगाशी. मोबाइलवरचा तज्ज्ञ बजावून बजावून सांगायचा, रंगात पाणी घाला आणि दुधासारखा पातळ करा. घट्ट राहिला तर ब्रश तुंबतो, फार पातळ झाला तर रंग ओघळतो. पण कुठल्या दुधासारखा? गाईच्या, म्हशीच्या, की पिशवीतल्या? ज्या माणसाने जन्मात नंबर विचारल्याशिवाय बोल्ट दिला नाही, त्याला हा मोघमपणा कसा चालणार?

त्यांनी पुण्याला फोन लावला.

"अगं, आपलं दूध घट्ट असतं की पातळ?"

"अहो, बाळाला न्हाऊ घालतेय. दत्तूला विचारा ना," म्हणून उज्वलाताईंनी फोन ठेवला.

दत्तू म्हणजे गिरणाऱ्याहून येणारा दूधवाला. रोज सकाळी बेल वाजवायचा, दूध मापायचा आणि चौकटीला टेकून घटकाभर म्हशींच्या तक्रारी सांगायचा. दिवसभरात ज्ञानेशरावांशी बोलणारा तेवढाच एक जण. दुसऱ्या दिवशी तो आला तसं त्यांनी अगदी आपुलकीने विचारलं,

"दत्तू, तुझ्या दुधात पाणी किती असतं रे?"

दत्तूचं माप हवेतच थांबलं.

"असं का इचारता साहेब?"

"मलाही तेवढंच घालायचंय."

"म्हंजे आम्ही घालतो, असंच ना?" दत्तूने कॅनचं झाकण लावलं आणि एकही म्हैस न सांगता तो जिना उतरला.

त्यानंतर बेल वाजलीच नाही. दाराच्या कडीला गाठ मारलेली दुधाची पिशवी लटकलेली असायची, माणूस गायब. ज्ञानेशरावांना फार एकटं वाटायला लागलं. एकदा उतू जाणाऱ्या चहाला ते "थांब जरा" म्हणाले आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकले. दत्तूला परत बोलता करायचाच, असं त्यांनी मनाशी घेतलं.

एका सकाळी त्यांनी ओट्यावर दोन वाट्या शेजारी शेजारी मांडल्या. एकीत दूध, दुसरीत कालवलेला रंग. दोन्ही आळीपाळीने कलंडून पाहिल्या, दोन्ही कडेवरून सारख्याच ओघळल्या. कधी नव्हे ते काही जमलं होतं. त्याच आनंदात त्यांनी वाटी एअरब्रशमध्ये ओतली आणि विमानावर फवारली. पहिला हात दिसेल न दिसेल असा असावा, असं तज्ज्ञ म्हणाला होता. त्यांचा तर मुळीच दिसत नव्हता. हात बसला म्हणायचा, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात जिन्यात कॅन वाजला. ज्ञानेशरावांनी झडप घालून दार उघडलं.

"दत्तू, आत ये. माझं बोलणं चुकलं. चहा घेऊन जा."

दत्तू अवघडून खुर्चीच्या टोकावर बसला. ज्ञानेशरावांनी चहा उकळला, हाताशी होती ती वाटी त्यात उपडी केली आणि कप पुढे ठेवला. कपात राखाडी गुठळ्या तरंगत होत्या.

दत्तूने कप हलवून पाहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "साहेब, दूध फाटलं. तुम्ही खरं बोलत व्हते. आमच्या दुधाला आजवर कुणी नाव ठेवलं नाय. उद्यापासून दुसरा दूधवाला बघा."

तो उठलाच. ज्ञानेशरावांनी रिकामी वाटी हुंगली, तर रंगाचा वास. आता गप्प बसलं तर आब राहणार होता, पण दत्तू जाणार होता.

"दत्तू, दूध चांगलंय रे. मी चहात रंग ओतला."

दत्तूने कपाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं.

"मंग दूध कुठं हाय?"

दोघांचे डोळे एकदमच टेबलाकडे वळले. दत्तूने विमान उचलून नाकाशी नेलं.

"म्हशीचंच हाय," तो म्हणाला. तोवर मुंग्यांची एक रांग टेबलावर चढलीही होती. दत्तू मटकन खाली बसला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. मग त्यानेच चहा केला, आणि व्यालेल्या म्हशीपासून सगळ्या राहिलेल्या बातम्या सांगितल्या.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. ज्ञानेशराव धावतच गेले. जिन्याला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात दत्तू विचारत होता, "साहेब, आज प्यायचं देऊ का रंगवायचं?"

वर्षभरात न उघडलेली समोरची दारं उघडली. माणसं चौकशीला बाहेर आली, काही तर विमान बघायला आतही आली. इतकी माणसं घरात बघून ज्ञानेशरावांना बरं वाटलं. आणि भरदुपारी, एरवी कधी येत नाही असा उज्वलाताईंचा आपणहून फोन आला. ते गहिवरले.

"बोल ना गं. आठवण आली?"

"समोरच्यांचा फोन आला होता. मी परवा निघतेय," त्या म्हणाल्या. "आणि अहो, मी येईपर्यंत चहा तुम्ही करू नका. दत्तूला करू दे."