अक्कांनी कोड दिला नाही

"मला काय शाळेतली पोरगी समजतो का हा," अक्का पुटपुटल्या.

पुटपुटल्या म्हणजे भिंतीकडे तोंड करून. पण ते स्वयंपाकघर एवढंसं होतं की तिथे कुणी मनातल्या मनात बोललं तरी शेजारच्याला ऐकू जावं. हातभर अंतरावर मास्तरीणबाई भांडी विसळत होत्या. त्यांनी ऐकलं आणि नळ जरा मोठा सोडला.

अक्कांचा राग खोटा नव्हता. अक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. घर तिघांचं. मास्तर शाळेत कवायत शिकवायचे, आणि अठ्ठावीस वर्षं शिट्टी फुंकलेल्या माणसाला घरीसुद्धा कुणीतरी रांगेत उभं राहिलेलं लागतं. मास्तरीणबाई कधीच्याच रांगेतून फुटल्या होत्या. उरल्या अक्का.

निमित्त होतं परदेशाच्या सहलीचं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली आणि मास्तर-मास्तरीणबाई पहिल्यांदाच दोघंच कुठेतरी निघाले होते. आठ दिवस.

"एक नोट बरोबर घ्यायची नाही," मास्तरांनी जाहीर केलं होतं. "सगळं फोनवर. फोन दाखवला की टुण्णकन वाजतं, पैसे गेले. नोटा नेतात ते अडाणी."

"आणि नाही वाजलं तर?"

"का नाही वाजणार? मी स्वतः बसवलंय सगळं."

हे 'स्वतः बसवलंय' ऐकलं की मास्तरीणबाईंना घरातला पंखा आठवायचा. तोही मास्तरांनीच बसवला होता. त्याच्याखाली अजून कुणी बसत नव्हतं.

घरचं सिम तिकडे चालू ठेवलं तर बिल कंबरडं मोडेल, म्हणून मास्तरांनी ते काढून एका जुन्या बटणांच्या फोनमध्ये घातलं आणि तो फोन अक्कांच्या हवाली केला. स्वतःच्या फोनला तिकडचं सिम. "अक्का, या नंबरवर बँकेचे कोड येतात. कुणी मागितला तर द्यायचा नाही. आता सराव."

सराव महिनाभर चालला. मास्तर वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या फोनवरून आवाज बदलून बोलायचे. कधी बँकेतले साहेब, कधी पोलीस, एकदा तर लॉटरी लागल्याचं सांगणारी बाई. अक्का सगळ्यांना पुरून उरल्या. पाचव्या वेळी मास्तर स्वतःच्याच आवाजात रडवेले होऊन म्हणाले, "अक्का, मी परदेशात अडकलोय गं. कोड सांग."

बिचाऱ्या अक्कांनी सहाच्या सहा आकडे सांगितले, वर विचारलं, "काही खाल्लंस का रे?"

मास्तर दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आले आणि दारात उभं राहून त्यांनी चक्क शिट्टी मारली. "नापास! आवाज हल्ली मशीनसुद्धा काढतं. मी मागितला तरी द्यायचा नाही. मी म्हणजे मी!" पुढचे दोन दिवस ते हा किस्सा जिन्यात भेटेल त्याला सांगत होते. अक्का भिंतीकडे तोंड करून पुटपुटत होत्या त्या त्यामुळे.

पण मास्तरीणबाईंनी नळ मोठा सोडला त्याचं कारण वेगळं होतं. अक्कांना बरोबर का नेत नाही, हा विषय त्या घरात कुणी काढतच नव्हतं. जिन्यातल्या लोकांसाठी उत्तरं तयार होती. अक्कांचे गुडघे, अक्कांची झाडं, सकाळचं दूध. अक्कांना मात्र कुणी काही विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नाही. त्या फक्त बॅगेजवळ बसून मास्तरीणबाईंच्या कपड्यांच्या घड्या घालत राहिल्या. "हा स्वेटर असू दे. तिकडे गार असतं म्हणे." तो स्वेटर अक्कांचा होता.

परदेशात सात दिवस फोन टुण्णकन वाजला आणि दर टुण्णला मास्तरांची छाती दोन बोटं पुढे आली.

आठव्या दिवशी परतीचं विमान होतं. सकाळीच त्यांनी बॅग स्टेशनवरच्या लोखंडी कप्प्यात ठेवली आणि गावात हिंडले. कप्प्याचे पैसे बॅग काढताना भरायचे, मग दार उघडतं. विमानतळाची गाडी तीन दहाची. अडीचला मास्तरांनी कप्प्याच्या यंत्राला रुबाबात फोन दाखवला.

फोन वाजला नाही. त्यावर अक्षरं आली: 'आपली ओळख पुन्हा पटवा. नोंदवलेल्या नंबरवर कोड पाठवला आहे.'

नोंदवलेला नंबर अक्कांच्या उशाशी होता.

"अहो, कार्ड आहे ना?"

"आहे."

"कुठे?"

मास्तरांनी हनुवटीने कप्पा दाखवला.

"पासपोर्ट?"

पुन्हा हनुवटी. "खिसेकापू असतात म्हणून..."

मास्तरीणबाईंनी पर्समधून रुमालाची गाठ काढली. आत त्यांनी मास्तरांना चोरून आणलेल्या तिकडच्या नोटा होत्या. मास्तरांनी अडाणी वगैरे काही म्हटलं नाही, मान खाली घातली. पण निळ्या गणवेशातल्या राखणदार बाईने यंत्रावरच्या चित्राकडे बोट केलं. नोट, आणि त्यावर लाल फुली. मागच्या रांगेत एक सद्गृहस्थ होते. मास्तरीणबाई त्यांना नोटा दाखवून खुणेने विनवू लागल्या की तुम्ही फोनवरून भरा, हे घ्या. गृहस्थांनी फोन आतल्या खिशात घातला, वर बटण लावलं आणि ते तीन पावलं मागे सरले. त्यांनाही घरी कुणीतरी मास्तर असावेत.

मास्तरांनी अक्कांच्या नेहमीच्या फोनवर फोन लावला.

"अक्का, मी बोलतोय. त्या जुन्या फोनवर कोड आलाय बघ. सांग लवकर."

"अस्सं," अक्का म्हणाल्या. "आता सहावी परीक्षा वाटतं?"

"परीक्षा नाही गं! खरंच अडकलोय."

"मागच्या वेळी हेच म्हणाला होतास." आणि फोन ठेवला.

दुसऱ्यांदा लावला. मास्तरांनी वडिलांचं नाव सांगितलं, आईचं सांगितलं, लहानपणी अक्कांची पाटी फोडून आळ मांजरावर ढकलला होता तेही कबूल केलं. "ते तू जिन्यात सगळ्यांना सांगितलंयस," अक्का शांतपणे म्हणाल्या. तेवढ्यात पाच मिनिटं होऊन कोड शिळा झाला. दुसरा मागवला, तोही बोलण्यात शिळा झाला. फोनने बजावलं: आता शेवटचा, नंतर चोवीस तास बंद. घड्याळात दोन पंचावन्न. मास्तरांनी तोही मागवला.

मास्तरीणबाईंनी फोन हिसकावला. "अक्का, मी आहे."

"आवाज तुझाच आहे. पण आवाज मशीनसुद्धा काढतं."

"मग काय सांगू तुम्हाला, म्हणजे पटेल?"

मग अक्का म्हणाल्या, "एकच विचारते. मशीनला ठाऊक नसेल असं. मला बरोबर का नाही नेलंत?"

मास्तर कान लावून उभे होते. त्यांनी घाईघाईने फोनजवळ तोंड नेलं. "तुझे गुडघे, अक्का—"

"चूक."

"झाडं..."

"चूक. मशीनच दिसतंय."

निळ्या गणवेशातली बाई मुठींवर गाल टेकून बघत होती. तिला भाषा कळत नव्हती, पण घरातलं भांडण कळत होतं. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. मैदानावर शिट्टी विसरून आल्यासारखे दिसत होते. मास्तरीणबाईंच्या अंगात अक्कांचा स्वेटर होता, आणि त्याला अजून घरच्या कपाटाचा वास होता.

"अक्का," त्या म्हणाल्या, "आम्ही तुम्हाला विचारलंच नाही. मीच विचारू दिलं नाही यांना. सव्वीस वर्षांत आम्ही दोघंच असे कधी नव्हतो. मला आठ दिवस हवे होते. तुम्ही हो म्हणाल, याची भीती वाटली मला."

मास्तरांनी यंत्राकडे तोंड फिरवलं. तीनला दोन मिनिटं होती.

"हं," अक्का म्हणाल्या. "तूच आहेस. लिही. चार, शून्य, नऊ... थांब, चष्मा. हं, नऊच. दोन, दोन, सात."

कप्प्याचं दार खटकन उघडलं. मास्तर बॅग ओढत पळत सुटले. मास्तरीणबाई फोन कानाला लावून मागोमाग धावल्या. "अक्का, रागावलात?"

"रागावू कशाला. विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते मी. माझे गुडघे दुखतात." मग म्हणाल्या, "पण विचारायचं असतं गं."