सहा कॅप्सूलांचे समन्यायी वाटप

समाज वाटून खाण्यावर टिकतो, याबद्दल तज्ज्ञांत दुमत नाही. सावली तालुक्यातल्या आमच्या गावात तर बोडीतले मासेही घरटी सारखे ढीग लावून वाटतात. (बोडी म्हणजे तळे, तज्ज्ञांसाठी खुलासा.) ढीग लावण्याचा मान वामनरावांचा. त्यांच्या हातून आजवर कोणाकडे एक शेपटी जास्त गेलेली नाही. इतकी निर्दोष पद्धत मासळीपुरती अडवून ठेवणे अन्यायाचे होते. तो अन्याय यंदा रोवणीच्या दिवसांत दूर झाला.

लहानूची बायको रुखमा हिच्या पायात धान रोवताना काटा मोडला. पाय सुजला, ताप चढला. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर रंजीता यांनी दहा कॅप्सूल दिल्या आणि बजावले, "सकाळ-संध्याकाळ एकेक, पाच दिवस. बरं वाटलं तरी थांबायचं नाई. आन् दुसऱ्या कोणाले द्यायची नाई." (डॉक्टर हुशार, पण गावात नवीन.)

तिसऱ्या दिवशी सकाळी सूज उतरली आणि रुखमा पुन्हा रोवणीला निघाली. चार कॅप्सूल पोटात, सहा पट्टीत. बरे झालेल्याने औषध खाणे म्हणजे जेवून उठलेल्याने पुन्हा पंगतीत बसणे, असे वामनरावांचे मत पडले.

"ठेवून काय करतेस बाई? गावात एवढे लोक खोकलून राह्यले," ते म्हणाले.

"घ्या मंग," रुखमा म्हणाली. नाही म्हणण्याचा तिचा स्वभाव नाही, गावचा रिवाजही नाही.

वाटप असे झाले: पत्रूच्या सर्दीस एक, बापूरावांच्या कंबरेस दोन (कंबर जुनी आहे), प्रणितला परीक्षेच्या धास्तीवर एक, सोमारीच्या झुरणाऱ्या कोंबडीस दाण्यांतून एक, वामनरावांकडे राखीव एक. लाभार्थी पाच. समाधान ऐंशी टक्के, कारण कोंबडीचे मत घेता आले नाही. पत्रूची सर्दी आठवड्यात गेली. ज्यांना हिस्सा मिळाला नाही, त्यांना सात दिवस लागले.

सहाव्या दिवशी रुखमाला हुडहुडी भरली. पायाची बोटे काळी पडू लागली. लहानू घरोघर फिरला.

"भाऊ, तेवढी गोळी वापस करा ना."

"खाल्लेली कशी वापस करू रे?" बापूरावांनी विचारले. प्रश्न बिनतोड होता. वामनरावांनी तेवढी राखीव आणून दिली.

चंद्रपूरच्या दवाखान्यात त्या एकीचा काही उपयोग झाला नाही. अर्धवट मार खाऊन सुटलेले जंतू आता त्या औषधाला जुमानत नव्हते. एकवीस दिवस सलाईनमधून भारी औषध चालले आणि डाव्या पायाची दोन बोटे कापावी लागली. रुखमा वाचली. पण चिखलात तोल सांभाळायला बोटे लागतात. ती पुन्हा रोवणीला जाईल असे दिसत नाही. हे लिहिताना राग येतो. अहवालात रागाचा रकाना नसतो.

वामनराव तिच्या दारात बसून ढसाढसा रडले. "मासे वाटू, औषध नाई," एवढेच ते आता म्हणतात. अशा रीतीने एका मागास गावाने आपली थोर परंपरा घालवली.

शहरांत मात्र ती सुखरूप आहे. तिथे तिला अडाणीपणा न म्हणता अनुभव म्हणतात. आपल्याही फ्रिजवरच्या डब्यात मागच्या तापातली अर्धी पट्टी आहे. परवा मेहुण्याला फोनवर नावासकट सुचवलीत, तीच. त्याचे काही बरेवाईट झाले, तर त्याच्या दारात बसून रडण्याइतके वामनराव आपल्यात आहेत किंवा कसे, हे कृपया कळवावे.