मन्मथअप्पांचं आभाळातलं खळं

सोनपेठच्या स्टँडवर गाडी शिरली की दार उघडायच्या आत मन्मथअप्पा आकडा सांगतात. "एकोणीस उतरतील." एकोणीसच उतरतात. एकदा अठराच उतरले, तेव्हा अप्पांनी कंडक्टरला परत आत पाठवलं. मागच्या सीटवर एक म्हातारबा घोरत होते. त्यांना सोनपेठलाच उतरायचं होतं.

अप्पा माझे शेजारी. कृषी खात्यात त्यांनी उभा जन्म पिकाचा अंदाज काढण्यात घालवला. चिठ्ठी टाकून शेताचा एक तुकडा निवडायचा, खुंट्या ठोकून दोरी लावायची, तेवढंच कापून वजन करायचं आणि त्यावरून सगळ्या गावाचा उतारा सांगायचा. साहेबांना आकडा फुगवून हवा असे, गावाला दाबून. अप्पांनी दोघांचाही चहा घेतला नाही, त्यामुळे बदल्या मात्र भरपूर घेतल्या. "गुरुजी, शिवार येगळं, खळं येगळं," हे त्यांचं पालुपद. रानात दिसतं तेवढं खळ्यावर येत नाही. पाखरं, वारा, सांडलवंड वजा करूनच माणसानं तोंड उघडावं.

त्यांची एकुलती एक गिरिजा परदेशात आभाळाचा अंदाज काढते. लांब कुठे एखादा तारा फुटतो. त्याच्या आणि आपल्यामध्ये एखादी जडशीळ दीर्घिका आली, तर तिच्या ओढीने उजेड वाकतो आणि तो एकच स्फोट दोन-चार जागी दिसतो. नवी मोठी दुर्बीण आभाळ चाळेल तेव्हा असे किती सापडतील, हे आधीच सांगायचं, हे तिचं काम. अप्पांना ते माझ्याआधी समजलं. फुटतात ते शिवार, दिसतात ते खळं. त्यांनी वहीच घातली. ढगांच्या रात्री वजा, चांदण्याच्या वजा, फार मिणमिणते वजा. एवढं करून आकडा काढला, तो गिरिजाच्या दुपटीहून जास्त. तिच्या हिशोबात खोट आहे, असं ते मला आठवडाभर ठामपणे सांगत होते. मग कळलं, त्यांनी एका स्फोटाचे चार ठिपके चार धरले होते. त्या दिवशी अप्पा जेवले नाहीत. "एका पोराची चारदा हजेरी लावली की मी," म्हणाले, "तुमच्या शाळंसारखी."

हा खेळ मला गमतीचा वाटे. पण गिरिजाने आधीच सांगून ठेवलं होतं: आकडा लहान निघाला तर तिथलं काम गुंडाळणार आणि ती परभणीला येऊन कॉलेजात शिकवणार. मोठा निघाला तर आणखी काही वर्षं तिकडेच. अप्पांनी वरच्या खोलीला रंग देऊन घेतला होता. खिडकीला नवी जाळीसुद्धा.

एका रविवारी सकाळी तिचा फोन आला. मी तिथेच चहा घेत होतो. तिचं गणित मोठा आकडा सांगत होतं. सोबतचे म्हणत होते, कमीच सांग, अंगाशी येत नाही. काय करू, असं तिने विचारलं.

अप्पांनी तिची उलटतपासणी घेतली. ढग धरले का? चांदणं? जोडठिपके एकदाच मोजले ना? सगळ्याला ती हो म्हणाली. मी त्यांच्याकडे बघत होतो. मनात म्हटलं, आता तरी चार आणे कमी करतील.

"मग हातचं राखू नको, माय," ते म्हणाले. "आलंय तेच लिही."

फोन ठेवल्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, अप्पा, कमी म्हणाला असता तर पोरगी घरी आली असती.

"ठावं हाय की," ते कप विसळत म्हणाले. "साहेबासाठी खोटा आकडा लिवला न्हाई, गावासाठी लिवला न्हाई. आता सोतासाठी लिवू काय?"

विषय बदलावा म्हणून मी त्यांना स्टँडवर घेऊन गेलो. परभणीची गाडी आली.

"सतरा," अप्पा म्हणाले.

सतराच उतरले. आकडा बरोबर आला, तरी गाडी रिकामी होऊन दार बंद होईपर्यंत अप्पा दाराकडे बघत उभे होते.