मांजरांच्या अर्जावरची पहिली सही

एकतीस वर्षं मी अलेक्झांड्रियात सरकारी कारकुनी केली. या काळात जेवढं वाचलं, त्याच्या दसपट सह्या केल्या. समोर कागद आला की माझा हात आपणहून पेनाकडे जातो. (निकाहनाम्यावरही मी न वाचताच सही केली होती. इन्साफ म्हणते, तिनं वाचून केली, तरी फसली.)

त्यामुळे मंगळवारी संध्याकाळी पाचव्या मजल्यावरचे रिटायर्ड कर्नल इस्मत एक कागद घेऊन दारात आले, तेव्हा मी उभ्या उभ्या, पायजम्यावर, सही ठोकली आणि मग विचारलं, "कसला अर्ज आहे, साहेब?"

"जिना स्वच्छ ठेवण्याचा."

"वा! हे कधीच व्हायला हवं होतं."

"पहिली सही तुमची आहे हं, वजदी. आता बाकीचे घाबरणार नाहीत."

मला फार बरं वाटलं. मी ज्याला घाबरत नाही अशा गोष्टीला दुसरं कुणीतरी घाबरतं, हा अनुभवच मला नवा होता.

शुक्रवारी सकाळी पाव आणायला मी दार उघडलं, तर पायपुसण्यावर मांजर आडवी पडलेली.

ही मांजर आमची नव्हती. पिवळट रंग, एक कान फाटलेला. आमची मुलगी नजला लग्न होऊन कुवेतला गेली, तेव्हापासून ही मांजर रोज सकाळी यायची. इन्साफ तिला रश्शात कालवलेला भात घालायची आणि समोर बसून घरातल्या सगळ्या बातम्या सांगायची. (मीही त्या वेळी घरातच असतो. पण मी मधे मधे बोलतो म्हणे.)

आज मात्र मांजरीच्या तोंडाला फेस आला होता. मागचे पाय झटके देत होते, डोळे आमच्या दाराकडे. इन्साफ भाताची वाटी घेऊन माझ्यामागे आली आणि तशीच थबकली.

"अगं बाई! काय झालं हिला?"

वरच्या पायरीवर तारली माशाची दोन डोकी पडली होती. त्यांना निळे निळे दाणे चिकटलेले. ती फक्त मला दिसली. आणि मला 'स्वच्छ' या शब्दाचा अर्थ कळला.

"ऊन बाधलं असेल," मी म्हणालो.

"जानेवारीत?"

यावर मी दूध आणायला आत धावलो. "दूध नको!" ती ओरडली. "शुद्धीवर नाही ती, घशात अडकेल. खोकं आणा. आणि हात लावू नका, आधी टॉवेल टाका अंगावर!"

मी खोकं आणलं. टॉवेलही आणला, पण खांद्यावर टाकून, आणि हातानंच मांजर उचलली. तिनं माझ्या अंगठ्यात दात रुतवले. तिचा दोष नव्हता. मी हात खिशात घातला.

टॅक्सीवाला म्हणाला, "खोक्यात काय आहे?"

"मांजर."

"चावत नाही ना?"

"छे!" मी खिशातल्या खिशात अंगठा दाबत म्हणालो.

शुक्रवारची सुट्टी असल्यानं जनावरांचा एकच दवाखाना उघडा होता. डॉक्टर मर्वत तरुण होत्या. त्यांनी मांजरीचे डोळे, हिरड्या बघितल्या.

"नाव काय हिचं?"

"नाव नाही," इन्साफ म्हणाली. "ती आमच्याकडे राहत नाही. येते."

"विषबाधा दिसतेय. कुठलं विष ते कळलं तर नेमका उतारा देता येईल. तुमच्याकडे कुणी काही टाकलं होतं का?"

इन्साफ माझ्याकडे वळली. "दार तुम्ही उघडलंत. काही दिसलं का?"

समोर भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यावर एक गुबगुबीत पांढरी मांजर उशीवर बसली होती. मी तिच्याकडे बघून म्हणालो, "नाही."

डॉक्टरांनी सलाईन लावलं, अंदाजानं एक इंजेक्शन दिलं. इन्साफनं मांजरीचा पंजा हातात घेतला आणि हळू आवाजात तिला सांगायला लागली, नजलाचा काल फोन आला होता, बाळाला पहिला दात आलाय, ते सगळ्यांना चावत सुटलंय. (बाळाला दात आलाय हे मला तिथं कळलं.)

अशी पंधरा मिनिटं गेली. घड्याळ माझ्या डोक्यावरच होतं. मांजरीचा श्वास सुटा सुटा यायला लागला.

"तारली," मी म्हणालो.

"काय?" डॉक्टर म्हणाल्या.

"जिन्यात तारलीची डोकी होती. त्यांना निळे दाणे होते. मी... मी विचारतो कुठले ते."

मी कर्नलना फोन लावला. त्यांना फोनवर बोलतानाही समोर पलटण दिसते.

"उंदराचं औषध आहे हो! थांबा, पुडा बघतो." त्यांनी नाव वाचलं, डॉक्टरांनी लिहून घेतलं. "पण तुम्हाला कशाला चौकश्या? मांजरं हटवायच्या अर्जावर पहिली सही तुमचीच तर आहे, वजदी!"

हे खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं. मला वाटतं, मांजरीलाही.

इन्साफ काही बोलली नाही. बत्तीस वर्षांत ती मला एवढं कधीच बोलली नव्हती.

डॉक्टरांनी धावपळ करून दुसरं औषध दिलं. दुपारच्या नमाजाची बांग झाली, आणि थोड्या वेळानं मांजर गेली. इन्साफनं पंजा सोडला नाही, तेव्हा डॉक्टरांनीच हलकेच सोडवला.

"डॉक्टर," मी विचारलं, "मी पंधरा मिनिटं आधी बोललो असतो तर?"

त्या हात धुत होत्या. "कदाचित वाचली असती, काका. सांगता येत नाही."

'कदाचित' हा शब्द मी कचेरीत खिडकीपलीकडच्या हजारो लोकांना दिला होता. मला तो असा कुणी दिला नव्हता.

घरी येताना इन्साफ खोकं मांडीवर घेऊन टॅक्सीत पुढे बसली. ती घरात गेल्यावर मी झाडू, सुपली आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन सरळ गच्चीवर चढलो आणि तिथून खाली एकेक पायरी गुडघ्यांवर उतरत डोकी वेचायला लागलो. पाचव्यावर कर्नलसाहेबांचं दार उघडलं.

"वजदी! हे काय चाललंय? तो सोसायटीचा माल आहे!"

"माझी सही काढून टाका त्या अर्जावरून."

"शाईनं केलेली सही कशी काढणार?"

याचं उत्तर मला एकतीस वर्षांत सापडलेलं नाही. मी त्यांच्या पायपुसण्याखाली हात घालून एक डोकं काढलं आणि खाली उतरलो. चौथ्या मजल्यावर कुंडीमागे एक पिल्लू सापडलं. ते केव्हाच गार झालं होतं. त्याला सकाळपासून खांद्यावर असलेल्या टॉवेलात गुंडाळून घेतलं.

आमच्या मजल्यावर इन्साफ दारात उभी होती. कधीपासून, माहीत नाही. तिनं टॉवेल माझ्या हातातून घेतला आणि ते पिल्लू आत खोक्यात ठेवून आली. मग म्हणाली, "हात धुवा. साबण लावून. अंगठ्याला काय झालं?"

"चावली."

"कधी?"

"सकाळी."

"आणि आत्ता सांगताय?"

तिनं मला नळाखाली उभं केलं, दहा मिनिटं अंगठा चोळला, आणि तशीच दंडाला धरून सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या नर्सनं फॉर्म काढला.

"मांजर कुठाय? दहा दिवस तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं."

"मेली," इन्साफ म्हणाली.

"मग यांना रेबीजची सगळी इंजेक्शनं घ्यावी लागतील. आणि बाई, आता यांच्यावरच लक्ष ठेवा. विचित्र वागायला लागले, विचारलेल्याचं उत्तर देईनात, डोळ्याला डोळा भिडवेनात, पाण्याला घाबरायला लागले, तर लगेच घेऊन या."

इन्साफनं माझ्याकडे नीट बघितलं. सकाळपासून पहिल्यांदाच.

"पाण्याचं तेवढं सोडलं," ती म्हणाली, "तर बाकी सगळं बत्तीस वर्षं चालू आहे. त्यावर काही इंजेक्शन आहे का?"

नर्सनं खरोखरच कपाट उघडून बघितलं. नव्हतं.