पोतंभर हंसपिसांचं प्रकरण

माझी नजर गरुडाची, कान सशाचे आणि डोकं माझं स्वतःचं. ढाणकी आणि पंचक्रोशीतला एकमेव खाजगी गुप्तहेर प्रफुल्ल तो मीच. दुसरं कोणी व्हायला तयार नाही, हा माझा दोष नव्हे. बाबारावांच्या लग्नघरात हरवलेली चप्पल मीच शोधून काढली. ती माझ्याच पायात निघाली, पण निघाली हे महत्त्वाचं. माझा सहायक अश्वजित त्या तपशिलावर उगाच जोर देतो.

त्या दुपारी तांड्यावरून ओमचा फोन आला. "प्रफुल्लभाऊ, लवकर या. माह्यी पिसं चोरीले गेली."

ओम कॉलेजात शिकतो, असा त्याच्या घरच्यांचा समज होता. प्रत्यक्षात तो इंटरनेटवरच्या एका खेळात तलवार घेऊन हिंडायचा. देशभरची पोरं एकाच वेळी तिथं हिंडत. डोंगरावरच्या साधूला पोतंभर हंसाची पिसं नेऊन दिली की तो उडता घोडा देणार होता. एक हंस एकच पीस द्यायचा, तेही त्याच्या मनात असलं तर. ओम दसऱ्यापासून हंसांच्या मागे लागला होता. आज दिवस मावळला की साधूची गुहा कायमची बंद होणार होती. वणीची त्याची टोळी डोंगराखाली घोड्यासाठी ताटकळली होती. आणि हा आंघोळ करून येतो तर पोतं रिकामं.

आम्ही पोचलो. भाव चढेपर्यंत विकायचा नाही, असं ओमचे वडील शंकरसिंग यांनी ठरवल्यामुळे खोलीत छतापर्यंत कापूस होता. कॉम्प्युटरपाशी जायला ढीग चढून उतरावं लागलं. मी भिंग काढलं. माउसला एक पांढरा धागा चिकटला होता.

"पीस," मी म्हणालो. "हंस स्वतः आला होता. आपला माल परत घेऊन गेला."

"भाऊ, कापूस हाय तो," अश्वजित म्हणाला. "आपन कापसावरच तं बसून हावो."

"म्हणजे चोरानं दिशाभूल करायला इथं कापूस आणून टाकला."

अश्वजितनं छताकडे पाहिलं. "एवढा?"

मग मी वणीच्या टोळीवर संशय घेतला. कोळशाच्या गावची पोरं, त्यांना पांढऱ्या वस्तूची हाव असणारच. पण घोडा तर त्यांनाच हवा होता. मग साधूवर घेतला. तेवढ्यात मला पडद्यावर पोत्याशेजारी मोहरांनी फुगलेली थैली दिसली. सकाळी ती रिकामी होती, असं ओम म्हणाला. चोर घाबरून स्वतःचेच पैसे टाकून पळाला, हे मी ताबडतोब ओळखलं. ओम रडकुंडीला आला.

त्याची आई रुपीबाई चहा घेऊन ढिगावरून उतरली. "काहून रडून राह्यला?"

"याडी, माह्यी पिसं कोनं नेली?"

"नेतं कोन? मीच इकली."

माझ्या हातून भिंग कापसात पडलं. ते अजून सापडलेलं नाही.

"मी इथला कापूस झाडून राह्यलती," रुपीबाई म्हणाल्या, "तं पडद्यावर तो तराजूवाला म्हातारा दुकानात उभा. तू रोज दाबतं तेच दाबलं. ओला हाय म्हनला नाही, डागी हाय म्हनला नाही. निस्ती मान हालवली अन् सारा माल घेतला. असा व्यापारी मले जल्मात भेटला नाही."

ओमनं कापसात तोंड खुपसलं आणि हुंदके द्यायला लागला. मला त्याची खरोखर दया आली.

अश्वजितनं चहाचा कप खाली ठेवला, म्हाताऱ्याचं दुकान उघडलं आणि बोट दाखवलं. पिसं तिथंच पडून होती, त्याच किमतीला परत मिळत होती. ऊन अजून ओट्यावर होतं. ओमनं थैली रिकामी केली, पोतं भरलं आणि निघणार, तोच रुपीबाईंनी त्याचा हात धरला.

"इकलेला माल परत भरला? पुरा बापावर गेला तू."

मग त्या बराच वेळ खोलीतल्या ढिगाकडे पाहत राहिल्या.

"थांबच जरा. त्या म्हाताऱ्याले इचार, हे घेते काय."

ओमचा हात माउसवर थांबला. पडद्यावर तो तराजूवाला म्हातारा मान हलवत होता.