बारा जुलैची लस

जयमाला मॅडमच्या एम.एस्सी.च्या प्रबंधाला अडाणी विद्यार्थी हवे होते. आधी गर्भाशयमुखाचा कर्करोग करणाऱ्या एचपीव्ही विषाणूवर परीक्षा, मग मॅडमचं व्याख्यान, मग पुन्हा तीच परीक्षा. पहिल्यांदा पोरी आपटल्या तरच दुसऱ्यांदा व्याख्यानाचा उजेड पडणार होता. पण त्या नर्सिंग कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात कोणताही फॉर्म मंजुश्रीचं पाहून भरायचा असा रिवाज होता. मंजुश्रीने कुठून लिहिलं, हे विचारायची पद्धत नव्हती.

त्यामुळे एकोणचाळीस जणांना पैकीच्या पैकी गुण मिळाले. त्याच फॉर्मवर 'लस घेतली का?' यापुढे एकोणचाळीस वेळा 'हो' आणि तारीख एकच, बारा जुलै. वर्गातला एकटा मुलगा गोकुळ, त्याने तर 'गर्भवती आहात का?' यापुढेही मनोभावे 'नाही' लिहिलं होतं.

मॅडमचा चेहरा पडला, प्राचार्यांचा फुलला. शनिवारी खामगावच्या डॉक्टर महनूर फुकट लसींची पेटी घेऊन आल्या, तेव्हा प्राचार्यांनी वर्गातच, जयमाला मॅडमसमोर, त्यांना हा आकडा ऐकवला.

"सगळ्यांनी घेतलीय? माशाल्ला! मग ही पेटी दुसरबीडच्या कॉलेजला नेते," डॉक्टर म्हणाल्या.

मंजुश्रीची मावशी मागच्या वर्षी गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाने गेली होती. तेव्हापासून ती घरी लस मागत होती आणि वडील, इंद्रभानराव, 'लगन झाल्यावर पाहू' म्हणत टाळत होते. आता खरं बोलावं तर अब्रू जाणार, गप्प बसावं तर लस.

"उठ ना बे," शेजारची शाइस्ता कुजबुजली. "तू उठली तं आमाले बी उठता येईन."

"तू काऊन नाई उठत?"

"मी तुयं पाहून लिह्यलं. उठाले बी तुयंच पाहीन."

पेटी दाराशी पोहोचली तशी मंजुश्री उभी राहिली.

"डॉक्टर मॅडम, म्या लस नाई घेतली. माही मावशी याच रोगानं गेली. मले लस पायजे."

बाकं करकरली. गोकुळसकट अख्खा वर्ग उभा राहिला आणि प्राचार्य खाली बसले.

"मग ही बारा जुलै आली कुठून?" डॉक्टरांनी विचारलं.

वर्गाने मंजुश्रीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. "जयमाला मॅडमच्या टेबलावर त्यायचा भरेल फॉर्म होता. मले वाटलं, त्याच्यातलं सारं बरोबरच असन."

आता वर्गाने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी पदर सारखा केला. "तो नमुना होता. तारीख रकान्यात मावते का, ते पाहत होते."

"म्हणजे तुम्हीही घेतली नाही. वय?"

"एक्केचाळीस."

"पंचेचाळीसपर्यंत चालतंय. पहिला नंबर तुमचा."

डॉक्टरांनी पेटी उघडली. सुई दिसताच मॅडमनी डोळे गच्च मिटले. मागे उभ्या मंजुश्रीनेही मिटले, आणि मग रांगेत एकेकाने.